हिंमतरावांच्या मोटारीची चकती

मी एक जुनी लोखंडी चकती आहे, मित्रांनो. नुसतं नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. तव्याएवढी गोल, तीन बोटं जाड, मधोमध एक मोठं भोक आणि भोवती लहान भोकं, असा माझा अवतार. आज मी कोणाच्या खिजगणतीत नाही. येणारेजाणारे मला दगड समजतात, समजोत बापडे. पण एके काळी मी मोटारीच्या चाकात बसून मलकापूरच्या वाटेने धावत होते. त्या वाटेवर एका घराचं जे झालं, ते मला अजून विसरता येत नाही.

माझा जन्म मलकापूरचा. वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्य प्रांताबरोबर नागपूरहून चालत असे. मलकापुरात कापसातली सरकी वेगळी करणारे कारखाने होते, त्यांना जीन म्हणत. अशाच एका जीनमध्ये किसनराव नावाचे मिस्त्री होते. त्यांनी एका मोडक्या यंत्राच्या जाड लोखंडातून आम्हा चार बहिणींना कापून काढलं. कापताना आणि घासताना फार दुखलं, खोटं कशाला सांगू. पण मिस्त्रींचा हात हलका होता, आणि काम झाल्यावर त्यांनी आम्हाला आपल्या धोतराच्या सोग्याने पुसलं.

आम्हाला करून घेतलं होतं हिंमतरावांनी. मलकापूरपासून काही कोसांवर त्यांचं गाव. जमीन भरपूर, सगळी काळी, कापसाची. स्वभाव हट्टी, आवाज चढा, पण माणूस आतून लोण्याचा. त्यांनी नागपूरहून कापडी टपाची एक उंच मोटार आणली. सगळा गाव हौसेने तीत बसून आला, रमल्या नाहीत त्या फक्त त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई. एकदाच बसल्या आणि वेशीपाशीच उतरल्या.

त्याला कारण होतं. आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाड्यांची चाकं खोल रुततात आणि त्यांच्या दोन चाकोऱ्या पडतात. पुढे उन्हाने त्या अशा वाळतात की कुदळ मारली तरी फुटायच्या नाहीत. मोटारीच्या दोन चाकांमधलं अंतर बैलगाडीपेक्षा कमी. त्यामुळे एक चाक चाकोरीत पडायचं आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर चढायचं. मोटार सगळी वाट तिरपी चालायची, आतल्या माणसाची हाडं खिळखिळी व्हायची. मनकर्णाबाईंनी सांगून टाकलं, आपण बरे आणि आपली रेंगी बरी. रेंगी म्हणजे बायामाणसांसाठीची टपाची हलकी बैलगाडी.

हिंमतरावांना हे फार लागलं. ज्या बाईसाठी मोटार घेतली तीच बसत नाही म्हणजे काय. ते तडक किसनराव मिस्त्रींकडे गेले आणि म्हणाले, ही चाकं बाहेर सरकवा, बैलगाडीच्या चाकोरीत बरोबर बसली पाहिजेत. मिस्त्रींनी पुष्कळ विचार केला. मग चाक आणि चाकाची बैठक यांच्या मध्ये एकेक चकती घालायची, आणि लांब बोल्ट टाकून सगळं आवळायचं, असं ठरलं. मी उजव्या बाजूच्या मागच्या चाकात बसले. निघताना मिस्त्रींनी बजावलं, चाकोरी धरून सरळ चालवा, आडवातिडवा जोर या बोल्टांना सोसणार नाही.

आणि काय सांगू, मोटार चाकोरीत बसली ती रुळावर बसल्यासारखी. धक्का नाही, हिसका नाही. चालवणारा निवृत्ती म्हणायचा की आता चक्र नुसतं धरून बसलं तरी चालतं, वळवायची गरज नाही. मनकर्णाबाई भीत भीत बसल्या आणि बाजारापर्यंत जाईतो त्यांना चक्क डुलकी लागली. हिंमतरावांनी निवृत्तीला खुणेने सांगितलं, हळू घे. परतल्यावर त्या माझ्या चाकापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता बसवते बापा हिच्यात." मला त्या वेळी जो अभिमान वाटला तो पुन्हा कधी वाटला नाही.

त्या घरात एकच दुःख होतं. एकुलता एक मुलगा भालचंद्र शिकायला अमरावतीला गेला आणि तिथून परस्पर फौजेत भरती झाला. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. जमीन कोण पाहणार म्हणून हिंमतराव संतापले. मुलगा निरोप घ्यायला आला तेव्हा ते पाठ फिरवून बसले, आणि तो पाया पडून गेला तरी वळले नाहीत. पुढे ते त्याचं नाव घेत नसत. मनकर्णाबाईही नवऱ्यासमोर घेत नसत. मोटारीत दोघं शेजारी बसायची, पण त्या एका विषयावर अवाक्षर निघायचं नाही.

कापसाच्या हंगामात एके दिवशी निरोप आला. भालचंद्राचा शाळासोबती लक्ष्मीकांत मलकापूर स्टेशनवर कारकून होता. त्याने माणूस पाठवून कळवलं की फौजेची गाडी उद्या दुपारी पाणी घ्यायला मलकापूरला थांबेल, भालचंद्र तिच्यात आहे, मुंबईहून तो बोटीने परदेशी जाणार आहे. गाडी थोडाच वेळ थांबेल, पण आईबाबांना पाहायची त्याची फार इच्छा आहे.

मनकर्णाबाई तेव्हाच उठल्या आणि म्हणाल्या, रेंगी जुंपायला सांगा, आजच संध्याकाळी निघू, रात्री स्टेशनजवळच्या धर्मशाळेत राहू. हिंमतराव हसले. मोटार दारात असताना रेंगी कशाला, आपण जेवून निघालो तरी वेळेच्या आधी पोचतो, थंडीत धर्मशाळेत कुडकुडायचं कशाला, असं त्यांनी समजावलं. त्यात त्यांचा हट्ट होता, तशी बायकोची काळजीही होती. त्यांनी ऐकलं आणि मुलासाठी तिळाचे लाडू वळायला घेतले.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांनी नवा फेटा बांधला, तो सोडला, पुन्हा बांधला. मोटार चाकोरीला लागल्यावर त्यांनी फेटा पुन्हा चाचपून पाहिला. मग म्हणाले,

"काय बोलाव त्याच्यासंगं? मले तं काई सुचून नाई राह्यलं."

"काई बोलू नका," मनकर्णाबाई म्हणाल्या. "नुसता पाठीवर हात ठेवा त्याच्या. त्याले समजते."

हिंमतरावांनी मान हलवली. एवढंच करायचं होतं हो त्यांना, मुलाच्या पाठीवर हात ठेवायचा होता.

अर्धी वाट सरली आणि एका वळणापुढे निवृत्तीने मोटार थांबवली. समोर कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग होती. मलकापूरच्या बाजाराला निघालेल्या गाड्या, एकामागे एक, नजर पोचेल तिथपर्यंत. भरलेली गाडी चाकोरी सोडत नाही, हा आमच्याकडचा रिवाज. सोडणार तरी कशी? कापूस डोक्याच्या वर रचलेला असतो, एक चाक काठावर चढलं की सगळी गाडी उलटते. रिकाम्याने बाहेर व्हावं, भरलेल्याने चालत राहावं, असं पूर्वीपासून चालत आलेलं. पूर्वीची मोटार तिरपी चालायची खरी, पण मनात आलं की शेतात उतरायची. आता ती खोल चाकोरीत अशी फिट बसली होती की डावीकडे हलेना की उजवीकडे. आम्ही तिला बैलगाडीची वाट दिली होती, तिला आता बैलांच्या मागे बैलांच्याच चालीने जावं लागणार होतं.

थोडा वेळ मोटार तशीच रांगेमागे सरकत राहिली. हिंमतराव सारखं घड्याळ काढून पाहत होते. मनकर्णाबाई लाडवांचा डबा मांडीवर घेऊन समोर बघत होत्या. शेवटी हिंमतराव उतरले. ज्या माणसाने जन्मात कोणापुढे मान तुकवली नव्हती, तो रांगेतल्या शेवटच्या गाडीवाल्यापाशी गेला आणि त्याने हात जोडले. त्या गाडीवाल्याचं नाव पंजाबराव, पिकल्या मिशांचा माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कासरा सोडून खाली उडी टाकली. पुढच्यांना हाका मारत तो म्हणाला, "लेकराले भेटाले जाऊन राह्यले हे. लढाईवर चाल्लं त्यायचं पोरगं. या रे सारे, मोटार उचलू."

आणि खरोखर ते सगळे आले. बैल उभे ठेवून, आपला बाजार उशिरा गाठायचा पत्करून आले. कोणी चाकाला हात घातला, कोणी बुडाखाली खांदा दिला. मोटार आडवी होऊन चाकोरीबाहेर निघाली तेव्हा माझ्या भोकांतले बोल्ट करकरले. मी ते ऐकलं. निवृत्तीनेही ऐकलं असावं, कारण त्याने वाकून चाकाकडे पाहिलं. पण थांबायला वेळ कुठे होता? मोटार पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, शेतातून गाड्यांच्या बाजूने दणके खात निघाली. एक धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडला, दुसराही ओलांडला. सगळ्या गाड्या मागे पडल्या. मनकर्णाबाईंनी पहिल्यांदा सुस्कारा सोडला. पुन्हा चाकोरीकडे वळताना तिसऱ्या धुऱ्यावर माझे बोल्ट तुटले. चाक निखळून शेतात गेलं, मोटार कोपऱ्यावर बसली आणि मी ढेकळांत पडले.

हिंमतरावांनी निवृत्तीला पुढे पळवलं. तू जा, त्याले सांग आम्ही येऊन राह्यलो, म्हणाले. निवृत्ती जीव खाऊन धावला. मागून ती दोघं चालत निघाली. मनकर्णाबाईंना आयुष्यात तसं चालायची सवय नव्हती. दोघं लांब लांब होत दिसेनाशी झाली. मी तिथेच पडले होते. काही वेळाने दूरवर आगगाडीची शिटी ऐकू आली. ती येण्याची की जाण्याची, हे मला शेतात पडल्या पडल्या कळेना. मी मनाशी म्हणत राहिले की येण्याची असेल.

ती जाण्याची होती. निवृत्ती फलाटावर पोचला तेव्हा फलाट रिकामा झाला होता. लक्ष्मीकांत डोक्याला हात लावून बाकावर बसला होता. त्याने जे सांगितलं ते निवृत्तीने मालकांना सांगायचं टाळलं, पण ती दोघं पोचल्यावर हिंमतरावांनी लक्ष्मीकांतालाच खोदून विचारलं. भालचंद्र सगळा वेळ डब्याच्या दारात उभा होता. येतील, नक्की येतील, असं लक्ष्मीकांत त्याला सांगत राहिला. शिटी झाली तेव्हा भालचंद्र हसला आणि म्हणाला, "राहू दे रे. बाबांचा राग गेला नसेल. त्यांनी आईलाही येऊ दिलं नसेल."

हे मला कसं कळलं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी किसनराव मिस्त्री चाक बसवायला आले तेव्हा निवृत्तीने माझ्यासमोर बसून त्यांना सांगितलं आणि सांगता सांगता तो रडला. पण त्या आधी, त्याच संध्याकाळी, मी स्वतः जे पाहिलं ते सांगते. दोघं एका परतणाऱ्या रिकाम्या गाडीतून माघारी आली आणि मोडक्या मोटारीपाशी उतरली. हिंमतराव माझ्यापाशी येऊन उभे राहिले. त्यांचा चढा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"काल तुह्यं ऐकलं असतं तं," ते म्हणाले. "रेंगीनं आलो असतो तं भेटलं असतं पोरगं."

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या खाली वाकल्या, माझ्यावरची माती त्यांनी पदराने झटकली आणि म्हणाल्या, "जाऊ द्या आता. तुमी तं माह्याचसाठी केलं होतं न हे."

मित्रांनो, त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. हिंमतराव मटकन खाली बसले आणि एखाद्या लहान मुलासारखे रडू लागले.

त्या रात्रीच त्यांनी मुलाला पत्र लिहिलं. जन्मात पहिलंच. आपण निघालो होतो, गाड्या आडव्या आल्या, मोटार मोडली, राग कधीचाच गेला आहे, असं सगळं लिहिलं म्हणे. पत्र फौजेच्या पत्त्यावर गेलं. उत्तराची वाट पाहण्यात हिवाळा संपला. उन्हाळ्यात उत्तर नाही, सरकारची तार आली. भालचंद्र परदेशात वाळवंटात लढताना पडला होता. त्याच्या हातात ते पत्र कधी पडलं का, हे कोणालाच सांगता आलं नाही.

मोटार पुढे विकली गेली. त्या आधी हिंमतरावांनी आम्हा चौघींना तिच्यातून काढलं. माझ्या बहिणी भंगारात गेल्या. मी ओसरीवरच्या बाजेच्या एका आखूड पायाखाली आले, ती डुगडुगू नये म्हणून. वर्षं गेली. दोघं म्हातारी झाली. संध्याकाळी त्या बाजेवर बसायची आणि मनकर्णाबाई रोज एकदा तरी विचारायच्या, "भेटलं असन का हो त्याले आपलं पत्र?"

हिंमतराव प्रत्येक वेळी म्हणायचे, "हाव. भेटलं असन." एकदाही त्यांनी कंटाळा केला नाही.

आता ती दोघंही नाहीत, ती बाजही नाही, आणि मी ओसरीबाहेर वाटेच्या कडेला मातीत पडून आहे. मला तेल लावा, गंज काढा, असं माझं काही मागणं नाही. लोखंडाचं काय, आज ना उद्या माती होणारच. पण तुमचं कोणी तुमच्यावर रुसून, किंवा तुम्ही त्याच्यावर रुसून, लांब गेलं असेल, तर त्याला भेटायला वेळेवर निघू नका. आदल्या दिवशी निघा. घरातलं कोणी म्हणालं की आजच जाऊ, तर त्याचं ऐका. साधन किती का वेगाचं असेना, वाट तुमच्या एकट्याची नसते. आणि राग गेला असेल तर तो गेला हे त्याच दिवशी सांगून टाका, भेटीसाठी शिल्लक ठेवू नका.

ज्याला हे सांगायचं होतं त्याला सांगता आलं नाही, म्हणून मी तुम्हाला सांगते. तो डब्याच्या दारात उभा राहून म्हणाला, बाबांचा राग गेला नसेल. ते आले होते रे बाळा. हात जोडत, मोटार मोडून, पायी चालत आले होते.