ईशान्येची सुई

“एप्रिलच्या गारठ्यात अनवाणी उभं केलंय. न्यूमोनिया झाला तर हाच बघणार आहे का आपल्याला?” मोरेश्वरकाका माझ्या कानाशी पुटपुटले.

“मग मोठ्यानं म्हणा ना,” मी म्हटलं.

काकांनी शाल ओढून घेतली. सगळी उमर इथं मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला हृदयाचा डॉक्टर म्हणून काढलेला माणूस. पण नंदाच्या परसात एवढी माणसं हात जोडून उभी असताना तोंड उघडायचं म्हटलं की त्यांचीच छाती धडधडायची.

सगळे बघत होते अवनीनाथ महाराजांकडे. हे एडिसनहून आलेले ‘भूमिवैद्य’. वैद्य माणसाची नाडी बघतो, हे जमिनीची बघतात म्हणे. हातात चांदीची गोल डबी, वर काच, आत मधोमध टांगलेली सुई. महाराज ईशान्येच्या कोपऱ्याकडे दबकत निघाले. सुई आडवी, शांत. कुंपणाजवळ पोचले तशी ती थरथरली आणि टोक खाली करून उभी राहिली.

“नमस्कार केला,” मागून कुणीतरी म्हणालं.

“माता बोलते आहे,” महाराजांनी डोळे मिटले. “मी काय, मी नुसता कान. खाली शल्य आहे, जुनं हाड. त्याची फ्रिक्वेन्सी थेट यजमानांच्या पेशींत उतरते.”

हाडाला फ्रिक्वेन्सी असते हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण हसायची सोय नव्हती. यजमान, म्हणजे नंदाचा नवरा, आमचे श्रीरंगदादा, दोन ब्लँकेटं गुंडाळून डेकवर बसले होते.

“सव्वा महिना शांती करायची. तोवर अंगात ते विदेशी विष घालायचं नाही. विषानं शल्य चवताळतं.”

विदेशी विष म्हणजे दादांची केमो. महाराजांनी फोनवर आधीच बजावलं होतं, म्हणून नंदानं ती सकाळीच कॅन्सल केली होती. कोथिंबीर निवडता निवडता मला म्हणाली, “सुलभा, सोमवारचं ते नको म्हणून कळवलं गं.” त्या घरात थंडीभर सगळं ‘ते’च होतं. दादांना ‘ते’ झालं होतं, त्यावर ‘ते’ चालू होतं. आम्हीही तब्येत कशी आहे एवढंच विचारून डबा ठेवून यायचो.

आमच्या कॉलनीतल्या आणखी काही मराठी घरांत ही सुई वाकली होती. दर वेळी ईशान्येलाच. ईशान्य म्हणजे देवाचा कोपरा, दोष तिथंच सापडणार, म्हणून इंजिनिअरांनी आणि प्रोफेसरांनी माना डोलावल्या होत्या. महाराजांना दुसरा कोपरा दाखवा असं कुणी म्हटलंच नव्हतं.

“यंत्र छान आहे,” कुंपणापलीकडून आवाज आला.

शेजारचे मिस्टर राइनहोल्ड. ऐंशी उलटलेले, कुंपणावर कोपरं टेकवून उभे. तरुणपणी जर्मनीतल्या एका खेड्यात ते सकाळी शाळा घ्यायचे आणि दुपारी शेतं मोजायचे. इकडे आले ते जमीन मोजायलाच. त्यांचं इंग्रजी अजून खडकाळ.

“माझ्याकडेही अशीच आहे. चांदीची नाही,” ते म्हणाले आणि गराजमधून पितळी डबी घेऊन आले. “गाडलेलं लोखंड शोधायला आम्ही मोजणीवाले हीच वापरायचो.”

महाराज गोड हसले. “यंत्र आणि मंत्र यात फरक असतो.”

“असेल. बाकीचे तीन कोपरे तपासलेत?”

मास्तरांची सवय. उत्तर येईपर्यंत समोरच्यावरची नजर काढायची नाही. महाराजांनी पुन्हा डोळे मिटले तेव्हा त्यांनी पितळी डबी माझ्या हातात दिली. “तू धर. मी धरली तर म्हणतील, म्हातारा हात हलवतो.”

मी आग्नेयेला गेले. सुई वाकली. नैर्ऋत्येला वाकली. वायव्येला तर पार उभीच राहिली. माणसं माझ्या मागून चालत होती.

“क्षेत्र मोठं आहे दोषाचं,” महाराज म्हणाले.

“मास्तर, आता माझ्या परसात बघू,” मी म्हटलं आणि रस्ता ओलांडला. तिथल्या कोपऱ्यातही तोच नमस्कार.

“तिथंही दोष पसरलाय.”

“म्हणजे अख्खं मिशिगनच आजारी म्हणायचं,” काका म्हणाले. या वेळी कानात नाही.

मी परत आले, नंदाचं खुरपं उचललं आणि ईशान्येच्या कोपऱ्यात बसले. महाराजांचा आवाज एकदम बदलला. “शल्याला हात लावाल तर आजच्या आज यजमानांच्या जिवावर बेतेल. जबाबदारी खणणाऱ्याची.”

नंदानं माझं मनगट घट्ट धरलं. “नको गं. काही झालं तर?”

हाडाची भीती मला नव्हती. पण दुखणंच तसलं. दादांना आज काही झालंच असतं, तर नंदाला जन्मभर माझ्या हातातलं खुरपं दिसलं असतं. मी डेककडे पाहिलं. दादांनी ब्लँकेटमधून हात काढला आणि खूण केली. खण.

वीतभर खाली खुरपं खणकन वाजलं. हाड नव्हतं. लोखंडी सळई, डोक्यावर पिवळं प्लॅस्टिकचं टोपण. राइनहोल्ड कुंपणाला वळसा घालून आले, कष्टानं वाकले, अंगठ्यानं माती पुसली.

“माझा परवाना नंबर. ही कॉलनी मीच मोजली. हद्द कळावी म्हणून प्रत्येक प्लॉटच्या प्रत्येक कोपऱ्यात अशी सळई ठोकतात. सुई चुंबकाची, लोखंडाजवळ ती वाकणारच. तुम्ही देवाचा कोपरा दाखवता, हे तिथं जातात.” मग एकदम करड्या आवाजात, “उपटायची नाही. हद्दीची खूण हलवणं गुन्हा आहे.”

“श्रद्धा नाही तिथे माता बोलत नाही,” महाराज डबी रेशमी कापडात गुंडाळत म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

राइनहोल्ड गुडघे चोळत होते. “आमच्या गावात शिवेचा दगड कुणी हलवला तर कळावं म्हणून त्याखाली भाजक्या मातीच्या खुणा पुरायचे. मुलं म्हणायची, तिथं भुतं राहतात. मी त्या खुणा मुलांकडूनच करून घेतल्या, त्यांच्याच हातांनी पुरायला लावल्या. जिथं भीती वाटते तिथं हात घालून बघा, एवढंच मी शिकवलं.”

नंदा त्या सळईकडे बघत राहिली. “हाड नाही. मग कशानं झालं गं हे? मी काय चुकले? डबे, पथ्य, सगळं नीट केलं. काहीतरी निघायला हवं होतं ना खाली. काढून टाकलं असतं.”

काका स्वतःच्या पायांकडे बघत होते.

डेकचा कठडा धरत श्रीरंगदादा सावकाश खाली उतरले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

“तुझं काही चुकलेलं नाही. अंगणाचंही नाही,” ते म्हणाले. “मला कॅन्सर झालाय, नंदा. सोमवारी केमोला घेऊन चल.”