अडीच इंचांचा बिल्ला

घरतपासनिसांच्या परिषदेच्या दारातल्या टेबलावर त्या सकाळी चारशे बारा बिल्ले होते. तीनशे नव्वद खोक्यांत, एकवीस ताटलीत, आणि एक मी, नमुना म्हणून उभा केलेला. मित्रांनो, मी पितळेचा आहे. आज सतरा वर्षांचा झालो. माझ्यावर घराचे चित्र आहे आणि त्याखाली ‘प्रमाणित घरतपासनीस’ असे कोरले आहे.

अमेरिकेतल्या आमच्या ओहायोत घर विकत घेण्याआधी लोक तपासनिसाला बोलावतात. तपासनिसांची एक जुनी संघटना होती. तिचा बिल्ला अडीचशे घरे तपासल्यावरच मिळे. आमची संघटना नवी. अध्यक्ष लोवेल स्ट्रिकलर टेबलापाशी येऊन म्हणाले, “त्यांचा बिल्ला दोन इंचांचा ना? म्हणून आपला अडीच केला. आणि परीक्षा घरबसल्या. नापास झाला तर पुन्हा बसू दे, हवं तितक्यांदा.”

“साहेब, मग नापास राहणार कोण?” टेबलामागच्या बाईंनी विचारले.

“कुणीच नाही! सभासद कुणाचे जास्त, एवढंच लोक बघतात.”

तेव्हा मला माझ्या आकाराचा अभिमान वाटला होता. आता ते आठवले की तोंड लपवावेसे वाटते.

मी वेंडेल कोचच्या छातीवर गेलो. तो आधी फरशा विकायचा. सातव्या प्रयत्नात पास झाला. माणूस वाईट नव्हता. रोज मला मऊ कापडाने पुसायचा. लोक दारात आधी मला बघत, मग त्याला. आजवर किती घरे तपासलीत, हे मला पाहिल्यावर कुणी विचारत नसे.

चढाओढ नियमांतही होती. आमच्याकडे घराच्या लाकडी जमिनीखाली पोकळी असते; ती चोवीस इंच उंच असली तरी रांगत आत जायचे, असे जुनी संघटना सांगे. आमच्या संघटनेत तीस इंचांखाली सक्ती नव्हती. त्यामुळे आमचे सभासद भराभर वाढले.

शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी लोरीना प्रुइट आपल्या म्हाताऱ्या वडिलांसाठी, एमससाठी, एक बैठे घर घेत होती. वेंडेलने पोकळी मोजली : सत्तावीस इंच. त्याने पोकळीच्या तोंडातून आत विजेरी मारली आणि झाकण लावले.

एमस म्हणाला, “काय हो कोच, खाली उतरलात का? कपडे तर लग्नाला निघाल्यासारखे दिसतायत.”

वेंडेलने माझ्यावर बोटाने टकटक केले. “आजोबा, आम्ही प्रमाणित आहोत.”

“पप्पा, पुरे आता,” लोरीना ओशाळून म्हणाली आणि तिने घराच्या खरेदीवर सही केली. मी मात्र चकाकत राहिलो.

आठ महिन्यांनी न्हाणीघराच्या दारात लाकडी जमीन खचली आणि एमसचे खुब्याचे हाड मोडले. लोरीनाने वेंडेलला बोलावले, आणि जुन्या संघटनेच्या इमेल्डा क्रँट्झलाही. इमेल्डाच्या छातीवर बिल्ला नव्हता. चिखलात पडतो म्हणून ती तो गाडीतच ठेवी.

“वीस टक्क्यांच्या वर ओलावा गेला की लाकडाला कूज लागते,” ती म्हणाली. “हे होतं का तुमच्या परीक्षेत?”

“होतं,” वेंडेल खाली बघत म्हणाला. “सातव्यांदा बरोबर आलं.”

तिने ओलावा मोजायचे यंत्र त्याच्या हातात दिले. “सगळं घर मधल्या तुळईवर उभं आहे. ती कोरडी असेल तर आजोबा इस्पितळातून इथे परत येतील. नसेल तर हे घर सोडावं लागेल. जा, तुम्हीच मोजा.”

वेंडेल मला काढू लागला.

“राहू दे तो,” लोरीना म्हणाली. “घालूनच जा.”

मित्रांनो, माझ्यासारखे चकाकणारे काही दिसले तर त्यावर विश्वास टाकण्याआधी त्या माणसाचे गुडघे बघा. मळलेले आहेत का, ते तपासा. माझी विनंती एवढीच आहे, आणि ती करायलाही मला लाज वाटते.

तो पोटावर सरपटत पोकळीत गेला. मी चिखलात घासत होतो. त्याने यंत्राच्या दोन्ही सुया लाकडात टोचल्या, थांबला आणि बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आकडा वाचला.

मधली तुळई : अडतीस टक्के.