बांधावरचे सलगम

यशोदाबाईच्या नाकाची गावात दहशत होती. कुणाचं दूध नासलं, कुणाच्या कणगीतल्या ज्वारीला ओल लागली, हे घरच्या बाईआधी हिला कळायचं, आणि कळलं की तोंडावर सांगितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. बारशाला बोलावलं की बायका आधी मोरी धुवून घ्यायच्या. अशा बाईच्या शेताला लागूनच सोमेशनं दोन एकर कोबी सडवावा, म्हणजे देवानं तिची थट्टाच मांडली म्हणायची.

सोमेश तिच्या भायाचा, म्हणजे थोरल्या दिराचा मुलगा. नवरा गेल्यावर वाटण्या झाल्या, मधे एक बांध पडला आणि दोन्ही घरं लोह्याला जाणाऱ्या एकाच रस्त्यावर एकमेकांकडे पाठ करून राहू लागली. सोमेशला मोबाईलवर बघून शेती करायचा नाद. यंदा त्यानं चायना कोबी लावला होता. गोल गड्डा नव्हे, लांबोळा, फिकट, उभ्या पानांचा. हैदराबादच्या हॉटेलांना माल देणारा कुणी व्यापारी त्याला भेटला होता. तो एकदा येऊन एक टेम्पो भरून घेऊन गेला आणि नंतर त्यानं फोन उचलणंच सोडलं. मग सोमेशनं घराघरात दोन-दोन गड्डे फुकट वाटले. यशोदाबाईनं एक हरभऱ्याची डाळ घालून शिजवला, चव बघितली आणि अख्खं पातेलं म्हशीपुढं ओतलं. दुसऱ्या दिवशी म्हशीला ढाळ लागले.

राहिलेला माल उभ्याउभ्या सडला. वरची पानं आधी काचेसारखी झाली, मग त्यांचा शेंबूड झाला. सरीतून चाललं तर पाय घोट्यापर्यंत त्या लिबलिबीत जायचा आणि बाहेर काढताना बोटांच्या फटीत पांढऱ्या अळ्या असायच्या. आणि वास! मेलेल्या उंदराशेजारी कुणी मुळ्याची भाजी शिजवत बसावं, तसा तो वास. तो भाकरीला लागला, वाळत घातलेल्या लुगड्याला लागला, देवापुढच्या उदबत्तीलासुद्धा पुरून उरला. यशोदाबाई पदर नाकाला लावून जेवायची आणि अर्धी भाकरी कुत्र्याला टाकायची.

आता खरं सांगायचं तर यशोदाबाईच्या स्वतःच्या शेतात काही मोगरा फुलत नव्हता. तिच्याकडे सलगम होते. सलगम शिजायला लागला की कसा वास सुटतो हे ज्याच्या घरी शिजतो त्यालाच ठाऊक. तिचा नवरा त्या दिवशी ताट घेऊन अंगणात जाऊन बसायचा. पण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपल्या सलगमाच्या वासाला ती वास म्हणतच नसे.

ते बी तिच्या सासूचं, केवळाबाईचं. नांदेडला गुरुद्वाराच्या आजूबाजूची शीख घरं थंडीत गाजर, फुलगोबी आणि सलगम घालून लोणचं मुरवतात. त्यांच्यातल्याच एका घरून केवळाबाईनं मूठभर बी मागून आणलं होतं आणि पुढं त्याच घरांना टोपली भरभरून सलगम विकले. पांढऱ्या अंगाचा, खांद्याला जांभळा, मुठीत मावेल एवढा. दुकानातलं बी लावून गावातल्या दोघातिघांनी बघितलं. त्यांचे सलगम आतून पोकळ आणि चवीला कडू निघाले.

दरवर्षी पौषात यशोदाबाई पंचवीस चांगले सलगम निवडायची, वरचा पाला छाटायची आणि बांधावर पुन्हा रोवायची. बांधावरच, कारण तिथं पाणी साचत नाही. माघात त्यांना तुरे येऊन पिवळी फुलं लागायची, चैत्रात शेंगा वाळायच्या. ते बी राखेत घोळून वाळक्या भोपळ्यात ठेवायची. गेल्या साली गारपिटीनं बी जेमतेम हाती लागलं आणि ते सगळंच पेरून झालं. भोपळा धुवून आढ्याला उलटा टांगलेला होता. शेतातले बाकीचे सलगम विकून झाले होते, म्हणजे यंदा जे काही होतं ते बांधावरच्या त्या पंचवीस झाडांत होतं. केवळाबाई मरताना म्हणाली होती, "हिरीचं पानी आटू दे, पन बी मोडू देऊ नको." यशोदाबाईनं अडतीस वर्षं ते मोडू दिलं नव्हतं.

माघात अवकाळी पाऊस झाला, एक रात्र आणि एक सकाळ. कोबी त्याआधी तीन आठवडे सडत होता हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण सोमेशचे डोळे पावसानं उघडले. त्यानं अवकाळीनं नुकसान झालं म्हणून अर्ज ठोकला आणि तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत शेताला हात लावायचा नाही असं जाहीर करून टाकलं. घाण आता सरकारी पुरावा झाली होती. यशोदाबाईनं पारावर चार माणसांदेखत सांगितलं की खोट्या पंचनाम्याचं अन्न खाणाऱ्याच्या तोंडाला त्याच्या शेताचाच वास येईल. सोमेश हसला नुसता.

त्यातच एक नवीन संकट उभं राहिलं. न सडलेल्या गड्ड्यांची पोटं फुटून तुरे वर आले आणि एका आठवड्यात त्या उकिरड्यावर पिवळी फुलं डोलायला लागली. खाली अळ्या, वर फुलं, फुलांवर मधमाश्या. यशोदाबाईनं पदर नाकाला घट्ट लावला. तिची सून दीपमाला लातूरला शेतीचं शिकून आलेली. तिनं बांधावर उभं राहून दोन्हीकडची फुलं तोडून हातात धरली. चार पाकळ्या इकडे, चार पाकळ्या तिकडे.

"आत्याबाई, ह्यो कोबी आन् आपला सलगम एकाच जातीचे हायत. एक पानाला वाढला, एक मुळाला. माशी हिकडून तिकडं गेली की आपलं बी बिघडलं. पुढच्या साली ना धड सलगम येईल ना धड कोबी."

यशोदाबाई थुंकली. "त्या घाणीची आन् माझ्या सलगमाची भावकी?"

भावकी कशी असते हे त्या घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

झाडांवर मच्छरदाणी घालून बघावी असं यशोदाबाईच्या मनात आलं. पण माशीच आली नाही तर शेंगा कशाच्या धरणार, असं सून म्हणाली. फुलं नुकतीच उमलायला लागली होती. कोबीचे तुरे दोन-चार दिवसांत कापले गेले तर बी वाचेल, नाही तर नाही. यशोदाबाई विळा घेऊन गेली तर सोमेशनं तिला बांधावरच अडवलं. पंचनाम्याआधी एक पान हललं तर माझी केस जाते, म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून त्यानं खरी गोष्ट सांगितली.

"काकू, पंच म्हनून शेजारच्या मालकाचा अंगठा लागतोय. तुम्ही पावसानं गेलं म्हना. त्याच दिवशी सगळी फुलं मारून टाकतो. आईची आन."

त्या दिवशी ती घरी येऊन चुलीपुढं बसली आणि तिनं भाकरी थापलीच नाही. सोमेशची तिला किळस आली होती, पण त्याहून जास्त किळस आली ती ह्याची, की आपण नाही म्हणालो नव्हतो. दीपमालानं विचारलं, काय करायचं? यशोदाबाईनं आढ्याला टांगलेल्या भोपळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, एक अंगठा द्यायचा, दुसरं काय.

तलाठी दुसऱ्या दिवशी आला, नाकाला रुमाल बांधून. त्याला तिथून कधी एकदा सुटतो असं झालं होतं. त्यानं मोबाईलवर फोटो काढले, चार पावलं आत गेला, बूट खराब झाले तसा परत फिरला. कागद मोटारसायकलच्या सीटवर ठेवून लिहू लागला. बांधाकडे बोट करून त्यानं विचारलं, हे पिवळं कोणतं? सोमेश म्हणाला, ते बी त्यातलंच, साहेब, बांधापर्यंत लावलं होतं. यशोदाबाईनं ते ऐकलं. तोंड उघडलं आणि मिटलं. कागदावर काय लिहायचं ते लिहू दे, तिच्या मनात आलं, झाडं तर माझ्या बांधावर उभी आहेत. तलाठ्यानं वाचून दाखवलं की बांधावरच्या लागवडीसह सर्व पीक अवकाळी पावसानं नष्ट झालं आहे, आणि विचारलं, मावशी, हे खरंय का?

"हाव," यशोदाबाई म्हणाली. "पावसानंच गेलं."

अंगठ्याला निळी शाई लागली. घरी येऊन तिनं तो राखेनं घासला, मग साबणानं, मग लिंबानं. शाई गेली.

सोमेशनं शब्द पाळला. त्याच दुपारी त्यानं गावातला ट्रॅक्टर बोलावला आणि रोटाव्हेटर फिरवला. यशोदाबाईला घरात बसल्याबसल्या त्याचा आवाज येत होता आणि कित्येक दिवसांनी तिला भूक लागली. तिनं दीपमालाला तिळाची चटणी करायला सांगितली आणि दोन भाकरी खाल्ल्या. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर ती बांधाकडे गेली.

बांध नव्हता. दोन्ही शेतांच्या मधे एक सपाट काळा पट्टा होता आणि त्यात पिवळी फुलं, हिरवे देठ, पांढरे तुकडे सगळं एकत्र कालवलेलं होतं. पंचविसांपैकी एकही झाड उभं नव्हतं. सोमेश पलीकडे चिखलाचे पाय धूत होता.

"डायवरला काय कळतंय, काकू. सगळं पिवळंच तर होतं."

दीपमाला पाठोपाठ आली होती. तिचा आवाज चढला. तलाठ्याकडे जाऊ, तहसीलला जाऊ, असं ती म्हणू लागली. सोमेशनं पाय धुणं थांबवलं नाही. तो शांतपणे बोलला.

"कुठं बी जा. कागदावर बांधावरचं बी पावसानंच गेलंय. अंगठा काकूंचाच हाय."

दीपमालानं सासूकडे बघितलं. सासूनं नजर चुकवली, तशी तिची मान खाली गेली.

यशोदाबाई त्या पट्ट्यात खाली बसली आणि मातीत हात घालून चाचपायला लागली. एखादा अख्खा सलगम सापडला तर पुन्हा रोवता आला असता. हाताला लिबलिबीत काहीतरी लागलं, अळ्या लागल्या, तरी तिनं हात काढला नाही. शेवटी एक तुकडा मिळाला, अर्धा कापलेला, पांढरा. सलगमाचा की कोबीच्या बुडख्याचा, मातीनं बरबटलेला असल्यानं दिसत नव्हतं. तिनं तो नाकाशी नेला. दोनदा हुंगला, तीनदा हुंगला.

"काय हाय, आत्याबाई?" दीपमालानं विचारलं.

यशोदाबाईला ओळखू येईना. सगळ्या गावाला धाकात ठेवणाऱ्या त्या नाकाला आपलं आणि त्याचं वेगळं काढता येईना. दोन्हीला एकच वास येत होता.

तिनं तुकडा खाली टाकला, हात लुगड्याला पुसले, आणि मग सुनेनं बघू नये म्हणून तोंड फिरवून अंगठा हुंगला.