मागच्या भिंतीचा विषय

गल्ली वाचवणाऱ्या समितीची बैठक दर महिन्याला शिंपीणबाईच्या घरात भरायची. का भरायची ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलून कुणी दाखवत नव्हतं. समितीचे अध्यक्ष म्हणजे तिचे यजमान, आणि ती स्वतः माडीवर अडकलेली. दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलेला, आणि जिना असा अरुंद, वळणावळणाचा की धडधाकट माणसानंही भिंतीला हात लावत उतरावं. मग बैठकच वर आली. तेवढीच तुला चार माणसं दिसतील, असं यजमान म्हणाले होते. दिसायची, नाही कोण म्हणतं? फक्त त्यांचा चहा तिलाच करावा लागायचा.

तिचं शिवणकामाचं दुकान खाली होतं. अर्ध्या गल्लीनं तिच्या हातचे कपडे घालून लग्नं केली होती, आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीच्या कंबरा कसकशा वाढत गेल्या हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आता दुकानाला कुलूप. गिऱ्हाईक खालून हाक मारी, कापड दोरीला बांधून वर येई आणि शिवून दोरीनंच खाली जाई. "कपडे उतरतात, मी उतरत नाही," ती म्हणायची आणि लोक हसायचे. सुरुवातीला तीही हसायची.

एकदा यजमानांनी दोन हमाल बोलावून तिला खुर्चीसकट खाली नेलं होतं. वळणावर खुर्ची अडकली. "जरा तिरकी घे, पाय वर उचल," असं हमाल एकमेकांना सांगत होते, जसं काही कपाटच हलवताहेत. खाली बघ्यांची ही गर्दी. ती खाली पोचली, भांडंभर पाणी प्यायली आणि त्याच खुर्चीतून वर आली. पुन्हा हमालांचं नाव काढायचं नाही, तिनं सांगून टाकलं.

उपाय एकच उरला होता. मागच्या भिंतीला बाहेरून बसवायची एक छोटी लिफ्ट. आणि नेमकी तीच भिंत समितीला जिवापेक्षा प्यारी. मागे कुरण, कुरणापलीकडं नदी, आणि कुरणात उभं राहून पाहिलं की दगडी भिंतींची सलग रांग. गल्लीचं चित्र कुठंही छापून येवो, ते तिथूनच काढलेलं असायचं. भिंत पुढची असो की मागची, तिचा दगड काढायचा नाही आणि तिला काही चिकटवायचं नाही, हा नियम अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता.

आता अध्यक्ष म्हणजे काही दगडाच्या काळजाचे नव्हते. पलीकडची गल्ली कशी गेली ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथं कुणा एकाला काचेचं दार बसवायची सूट मिळाली. मग शेजाऱ्यानं मागितली, मग त्याच्या शेजाऱ्यानं. आज तिथं ओळीनं चकचकीत दुकानं आहेत आणि संध्याकाळी शटरं पडली की चिटपाखरू नसतं. त्या बाजूचं कुरण गाड्या लावायला गेलं. म्हणून हे सगळ्यांनाच नाही म्हणत. बेकरीवाल्याला दार रुंद करायचं होतं, नाही. कोपऱ्यावरच्या घड्याळजीला मुलाच्या संसारासाठी मागे एक खोली वाढवायची होती, नाही. मुलगा नव्या वसाहतीत राहायला गेला आणि पाठोपाठ म्हातारा घड्याळजीही तिकडंच राहायला गेला. लोक आधी चिडले, मग निवले, मग मानायला लागले. नोकरीत जन्मभर नकाशे काढलेला सरळ माणूस, स्वतःच्या घरालाही सूट देणार नाही, असं कौतुकानं सांगायला लागले. सांगणाऱ्यांचं काय जातं? त्या घरात राहायचं होतं हिला.

"अहो, लिफ्टचं काय ते ठरवा," तिनं एके दिवशी विषय काढलाच.

"मी कसं हो म्हणू? घड्याळजीसमोर कुठल्या तोंडानं उभा राहू?"

"घड्याळजी आता इथं राहतो का?"

मग ते म्हणाले, "घर तुझ्या वडिलांचं, तुझ्या नावावर आहे. तू अर्ज कर. त्या विषयाला मी खोलीत थांबणार नाही. बाकीचे तिघं काय ते ठरवतील."

घ्या, अंग काढून घेतलं, तिच्या मनात आलं. तिनं अर्ज केला, पण बैठकीच्या दिवसापर्यंत यजमानांशी कामापुरतंच बोलली. रागाचं एक बरं असतं, त्यात दिवस जातात.

बैठकीला तिघं आले. वकीलबाई, घरं रंगवणारा रंगारी आणि बेकरीवाला. चहा झाला. अध्यक्ष उठले, "हा विषय माझ्या घरचा आहे. मी खाली थांबतो," म्हणाले आणि गेले. त्यांची पावलं जिन्यावरून खाली जाताना तिला ऐकू येत होती, आणि त्या पावलांचाही तिला राग आला.

"ताई, तुमचं म्हणणं सांगा," वकीलबाई म्हणाल्या.

"मला खाली जायचंय. खास असं काही नाही. भाजी माझ्या हातानं निवडून घ्यायचीय. कुरणात घटकाभर बसायचंय. कुणाशी भांडायचं झालं तर खिडकीतून ओरडून नाही, समोर उभं राहून भांडायचंय."

रंगारी हसला, आणि मग हसल्याचं त्याला वाईट वाटलं. ती मागच्या खिडकीपाशी आपल्या खुर्चीत जाऊन बसली. आता त्यांचं ते ठरवू देत.

आणि तिला खाली कुरणात यजमान दिसले.

मागच्या दारानं ते भिंतीशी आले होते. इकडेतिकडे बघून त्यांनी खिशातून टेप काढली. तिचीच, शिवणकामाची, सकाळपासून ती शोधत होती. कपडे मापायच्या त्या आखूड टेपनं ते भिंत मोजायला लागले. एकदा लावायची, बोट धरायचं, पुन्हा पुढे लावायची. ओठ हलत होते, हिशेब करताना नेहमी हलतात तसे. गवतात टाचेनं त्यांनी एक चौकोन आखला. त्यातलं काटेरी झुडूप हातानंच उपटायला गेले, बोटाला काटा लागला, बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं पुन्हा ओढायला लागले.

म्हणजे या माणसाला लिफ्ट हवी होती. हिच्याइतकीच हवी होती. फक्त स्वतःच्या तोंडानं हो म्हणता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्यांकडून म्हणवून घ्यायला ते खाली गेले होते. तिला इतका आनंद झाला की हसू लपवायला तिनं पदर तोंडाला लावला.

"द्यावी असं मला वाटतं," इकडं रंगारी म्हणत होता. "काकूंचे हाल बघवत नाहीत."

"अपवाद करता येईल," वकीलबाई म्हणाल्या. "तिघांचं एकमत पाहिजे."

बेकरीवाला कप फिरवत बसला होता. "माझं दार नाकारलं तेव्हा मी साहेबांना नको नको ते बोललो," तो म्हणाला. "आज पलीकडची गल्ली बघितली की वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. त्यांनी कुणालाच सूट दिली नाही, म्हणून आपण ऐकलं. आता ते खाली गेले आणि वर आपण त्यांच्याच घराला सूट दिली, तर लोक काय म्हणतील? नवरा बाहेर उभा राहिला आणि बायकोनं मंजूर करून घेतलं. जन्मभराची अब्रू जाईल त्यांची. वहिनी, माझ्यावर रागावू नका. साहेबांना ते सोसायचं नाही."

तो मनापासून बोलत होता, हेच तर वाईट होतं. डूख धरून बोलला असता तर तिनं तिथल्या तिथं त्याची खरडपट्टी काढली असती. रंगाऱ्यानं मान खाली घातली. वकीलबाई तिच्याकडं बघत राहिल्या.

एक वाक्य पुरलं असतं. या इथं, बघा साहेब काय करताहेत. अगदी जिभेवर आलं होतं. तिघं खिडकीशी आले असते आणि त्यांना दिसलं असतं की तत्त्वासाठी बाहेर गेलेले अध्यक्ष गवतात लिफ्टची जागा आखताहेत. बेकरीतून ती गोष्ट पावाबरोबर घरोघर गेली असती. नव्या वसाहतीत घड्याळजीपर्यंत गेली असती. लिफ्ट मिळाली असती, आणि हा माणूस गल्लीतून मान वर करून पुन्हा चालला नसता.

बेकरीवाला कप ठेवायला उठला आणि खिडकीच्या बाजूला आला.

तिनं पडदा ओढला. "ऊन येतंय," ती म्हणाली.

मग अर्ज नामंजूर व्हायला कितीसा वेळ लागतो. रंगाऱ्यानं जिन्यातून हाक मारली. यजमान कधी नव्हे ते भराभर वर आले. विजारीला कुसळं चिकटलेली, चेहऱ्यावर हसू येऊ की नको करत असलेलं.

"झालं?"

"साहेब, तुमची मान खाली जाऊ दिली नाही आम्ही," बेकरीवाला म्हणाला.

ते हसू कसं विझलं ते फक्त तिला कळलं, संसारच तेवढा झाला होता. बोला आता, ती मनात म्हणाली. तुमच्या एका शब्दावर हे तिघं अजून फिरतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बरोबर केलंत," ते म्हणाले आणि नामंजुरीच्या ठरावावर सही केली.

सगळे गेल्यावर ते कप गोळा करायला लागले. एवढ्या वर्षांत कधी केले नव्हते.

"मला वाटलं होतं, ते हो म्हणतील."

"माहीत आहे. म्हणून तर मी पडदा ओढला."

त्यांना समजायला वेळ लागला. मग ते कप हातात धरूनच खाली बसले. "बोलायचंस ना गं."

"तुम्ही बोलायचंत."

त्यांच्या बोटाला रक्त सुकलं होतं. तिला वाटलं उठून हळद लावावी, पण ती उठली नाही.

"पुढच्या बैठकीत मी स्वतः विषय काढतो," ते म्हणाले. ते काढणार नाहीत हे दोघांनाही कळत होतं.

"पुढची बैठक दुसरीकडं घ्या."

"दुसरीकडं कुठं?"

"कुठंही घ्या," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना जिना उतरता येतो."