जास्तीची पोरं

कारेगावात शाळा सुटली की पोरांचा एक घोळका तहमीनाच्या केंद्राकडं वळायचा. आई-बाप दोघंही एमआयडीसीत, घराला कुलूप. कुणीतरी शिफ्टवरून परत येईपर्यंत ती पोरं इथं खायची, अभ्यास करायची, भांडायची, खेळायची. आसपासच्या काही कंपन्यांनी मिळून एक संस्था नेमली होती. ती अशा केंद्रांना परवाना द्यायची, वर्षातून एकदा न सांगता तपासणीला यायची आणि तारे द्यायची. तहमीनाच्या केंद्राला चार तारे होते. परवाना तीस पोरांचा होता आणि सांभाळायला दोघी, ती आणि रतनबाई.

पावसाळा संपताना एका कारखान्यानं बायकांनाही सेकंड शिफ्ट लावली. एकेक करून आया दारात येऊन उभ्या राहू लागल्या. "ताई, एकच पोरगं हाय. कोपऱ्यात बसंल गप." त्यांच्या खोल्या तहमीनानं पाहिलेल्या होत्या. वर पत्रा, बाहेरून कडी, आत गॅसची शेगडी. तिच्यानं नाही म्हणवेना. दिवाळीपर्यंत पोरं बेचाळीस झाली.

एका दुपारी शिक्रापूरच्या केंद्रातल्या बाईचा फोन आला. "तपासणीच्या अनिता मॅडम आत्ताच इथनं निघाल्यात. तुझ्याकडंच येतायत."

तहमीना घाईघाईनं दप्तरं, चटया आवरू लागली. केंद्राची खोली सर्जेरावांची होती आणि ते शेजारीच राहायचे. वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोल्या काढायचं त्यांचं काम अर्धवट पडलं होतं. गडबड ऐकून ते आले.

"आवो, त्यात काय एवढं? जास्तीची पोरं आमच्या घरात बसवा. आमची सोजरा टीव्ही लावून देईल. मॅडम गेली की आणा माघारी."

तहमीनानं क्षणभर रतनबाईकडं पाहिलं. मग सेकंड शिफ्टमुळं आलेल्या बारा पोरांना तिनं हाक मारली. "चला रे, आज मामींकडं टीव्ही बघायचा."

अनिता मॅडम स्कूटीवरून आल्या. हेल्मेट काढून थेट मोरीकडं गेल्या. संडासाची कडी आतून नीट उघडते का, पाण्याची टाकी झाकलेली आहे का, औषधांच्या डब्यातल्या तारखा उलटल्यात का, सगळं त्यांनी हातात घेऊन पाहिलं. एका पोराशेजारी मांडी घालून त्याचं गणित तपासलं. कुणाला लागलं तर काय करता, असं रतनबाईला विचारलं. रतनबाईनं नीट सांगितलं. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं.

मग खाऊची वेळ झाली. ताटल्या मांडायचं काम पोरांकडं आळीपाळीनं असायचं. त्या आठवड्यात पाळी रुबीची होती, तिसरीतली पोरगी. तिनं रोजच्यासारख्या ओळी मांडल्या. खोली भरली तशी शेवटची ओळ तिनं बाहेर ओट्यावर न्यायला घेतली.

"अगं, एवढ्या ताटल्या कशाला?" मॅडमनी विचारलं.

"एवढी पोरं असत्यात ना."

"इथं तर कमी दिसतात."

"बाकीची मामींकडं टीव्ही बघतायत. ताईंनीच पाठवलं."

पोहे वाढणारा रतनबाईचा हात थांबला. तहमीनाला वर बघवेना. अनिता मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि उठल्या.

"चला, बघू."

सर्जेरावांची बायको सोजराबाई उंबऱ्याजवळ खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखायचे. टीव्ही मोठ्यानं चालला होता. मॅडमनी पोरांवरून नजर फिरवली.

"किती पाठवली होती?"

"बारा."

"इथं अकरा आहेत."

तहमीनानं एकेक तोंड पाहिलं. "सार्थक कुठाय?"

टीव्हीवरची नजर न काढता एक पोरगं म्हणालं, "वर गेलाय. मघाशीच."

वर म्हणजे नवा स्लॅब. जिन्याला कठडा नव्हता आणि स्लॅबलाही नव्हता. तहमीना धावत वर गेली आणि शेवटच्या पायरीवर थबकली. सार्थक पार कडेला उकिडवा बसून खालचा रस्ता बघत होता. मोठ्यानं हाक मारली किंवा एकदम धरायला गेली तर दचकेल, म्हणून ती जवळ गेली नाही. बरीच अलीकडं खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली,

"काय दिसतंय रे?"

"कंपनीच्या बस. आईची कुठली ते बघतोय."

"मला इकडनं चांगल्या दिसतायत. ये, दोघं मिळून बघू."

तो उठला, चड्डी झटकली आणि चालत आला. तहमीनानं त्याचं मनगट धरलं ते जिना उतरेपर्यंत सोडलं नाही. खाली आल्यावर तिनं त्याला आत पाठवलं. ती तिथंच पायरीवर बसली.

"मला कळलंच न्हाई गं," सोजराबाई रडायला लागल्या. "माझ्या म्होरनं कवा गेला..."

सर्जेराव घसा खाकरून पुढं झाले. "मॅडम, च्या घ्या. पोरगं सुखरूप हाय. जरा सांभाळून लिवा."

"मामा, आधी कठडा बांधा," अनिता मॅडम म्हणाल्या.

मग त्या तहमीनाजवळ पायरीवरच बसल्या.

"एका खोलीत बेचाळीस पोरं दिसली असती, तर मी शेरा मारला असता, एक तारा कमी केला असता आणि मुदत दिली असती. तुम्हाला काय वाटलं, काय करणार होते मी?"

"चूक माझीच आहे," तहमीना म्हणाली. "पण उद्या ही बारा जायची कुठं? आया कुलूप लावून कामावर जातील."

"हे विचारायला मला फोन करायचा होता. दिवाळीच्या आधी." मॅडमचा आवाज चढला नव्हता. "तीस पोरांचं चालू ठेवा. बाराजण उद्यापासून नाहीत. दोन तारे काढतेय, आणि का काढले तेही लिहितेय. दुसरी खोली आणि तिसरं माणूस उभं करा. केलंत की कळवा, त्याच दिवशी येईन."

त्या संध्याकाळी तहमीनानं बारा घरांना स्वतः सांगितलं. सार्थकची आई मोनिका पॅकिंग लाइनवर होती. तिची सुटी होईपर्यंत तहमीना गेटबाहेर थांबली. स्लॅबची गोष्ट वगळून नुसतं जागा नाही एवढं सांगता आलं असतं. तिनं सगळं सांगितलं.

"कठडा नसलेल्या माळ्यावर?" मोनिकानं विचारलं.

"हो. त्या घरात मीच पाठवलं होतं त्याला. तारे जातील म्हणून."

मोनिका तिच्याकडं बघत राहिली. मग बसकडं चालू लागली. दुसऱ्या दिवशी सार्थकला तिनं दौंडला आपल्या आईकडं नेऊन ठेवलं.

बाकीच्यांचे हाल झाले. कुणी शेजारणीच्या गळ्यात पोर टाकलं, कुणी बिनपगारी रजा घेतली, दोघींनी कुलूपच लावलं. त्या खोल्यांवरून जाताना तहमीना खिडकीशी थांबून पोरांना हाक मारायची. आतून उत्तर आलं की पुढं जायची.

सर्जेरावांची ओट्यालगतची खोली कांद्यांनी भरलेली होती. ती त्यांना परप्रांतीय कामगारांना द्यायची होती, भाडं चांगलं येणार होतं. सोजराबाई आडव्या आल्या. "त्या पोराला काय झालं असतं, तर ह्या घरात मला घास गिळला असता का? खोली तहमीनालाच द्या." सर्जेरावांनी कांदे हलवले आणि मिस्त्री बोलावून कठडाही घातला. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी दार बसवलं. अंगणवाडीचं प्रशिक्षण घेतलेली रंभा शिरूरहून कामाला येऊ लागली.

अनिता मॅडम कळवलं त्याच दिवशी आल्या. दोन्ही खोल्या पाहिल्या आणि पंचेचाळीस पोरांची परवानगी दिली. तारे मात्र वर्षभर दोनच राहणार होते. एकदोन आयांनी विचारलं, चाराचे दोन कसे झाले? तहमीनानं त्यांनाही खरं तेच सांगितलं. एकीनं ऐकून घेतलं आणि पोरगी काढून नेली.

एका रविवारी मोनिका एकटीच आली. बसली नाही. नवी खोली पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले, जिन्याचं दार जोरात ओढून पाहिलं. रंभाला विचारलं, किती पोरं तुझ्याकडं? पोरगं सांगून न जाता बाहेर गेलं, तर कळंल का तुला? मॅडमपेक्षा हिचे प्रश्न जास्त होते. तहमीना मागं उभी राहून ऐकत होती.

"दौंडला त्याचं मन लागंना," शेवटी मोनिका म्हणाली. "मलाबी करमंना."

"आणा त्याला."

"मी मधनंच फोन करीन. उचलायचा."

"उचलीन."

"आन् कायबी झालं, तर मॅडमच्या आधी मला कळलं पायजे."

"आधी तुम्हाला."

मोनिकानं मान हलवली. मग चप्पल घालता घालता म्हणाली, "शेंगदाण्यानं त्याला पुरळ उठतं. पोह्यात घालू नका."

सोमवारी सार्थक आला. पहिला तासभर दाराशी फुरंगटून बसला. मग कॅरमच्या स्ट्रायकरवरून त्याचं आणि रुबीचं कडाक्याचं भांडण झालं, आणि रंभाला दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवावं लागलं.