पहिल्या क्रमांकाची ट्यूब

त्या सोमवारीही तंत्रज्ञ रुपराव मेश्राम उपाशीपोटी साडेसातला प्रयोगशाळेत आले. त्यांनी दंडाला रबरी नळी बांधली, तिचं एक टोक दातांत धरलं आणि स्वतःचं रक्त काढलं. पहिल्या क्रमांकाच्या ट्यूबवर 'नॉर्मल' लिहिलं. चहा त्यानंतर.

"आले गा आपले नॉर्मल साहेब," शिपाई बाबाराव कप ठेवत म्हणाले.

१९७० पासून, नऊ वर्षं, हेच चाललं होतं. डॉ. उत्तरा देव यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनावर काम करत होत्या. रक्तातलं कॅल्शियम भलत्या जागी, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर बसू नये, याची राखण ते प्रथिन करत असावं, असा त्यांचा कयास होता. जेलीसारखा थर दिलेल्या काचपाटीवर सीरमचा, रक्तातून वेगळ्या केलेल्या पाण्याचा, थेंब टाकला की दोन दिवसांत त्याभोवती पांढरं वर्तुळ उमटे; प्रथिन जितकं जास्त, तितकं वर्तुळ मोठं. रुपरावांचं वर्तुळ शंभर टक्के धरून रोग्यांची वर्तुळं त्याच्याशी ताडली जात. पारशिवनीजवळच्या ज्या गावात आईला विहिरीपासून लांब उभं राहून पाणी मागावं लागे, तिथं, आपलं रक्त सगळ्यांसाठी माप झालंय, हे सांगायला रुपराव मुद्दाम गेले होते. आई बराच वेळ त्यांचा हात धरून बसली होती.

गेल्या महिनाभरात रोग्यांचे आकडे सुधारले होते. नवं औषध लागू पडलं, म्हणून मॅडम आनंदात होत्या. त्या सोमवारी तपासणीसाठी रक्त द्यायला आलेल्या पंचफुलाबाईंनी मात्र सुजलेले पाय पुढं केले. "मले तं काही फरक वाटून नाही राहिला, भाऊ."

रुपरावांनी फ्रीझरमधलं आपलंच गेल्या वर्षीचं सीरम काढून आजच्या शेजारी लावलं. बुधवारी मोजलं. जुनं वर्तुळ आठ मिलिमीटर, नवं साडेसहा.

वर्तुळं तेच मोजत. पाटी धुऊन टाकली असती तर कोणाला कळलं नसतं. ते पाटी घेऊन मॅडमकडं गेले.

"रोगी नाही सुधरले, मॅडम. माहंच कमी झालं."

मॅडमनी दोनदा मोजून पाहिलं. मग चष्मा काढला. "रुपराव, तुमची तपासणी उद्याच करू."

"करू नं. नऊ वर्षं माह्या रक्तावर भरवसा ठेवला तुम्ही. पुष्कळ झालं."

पुढच्या सोमवारी त्यांनी बाबारावांच्या दंडाला नळी बांधली. "आता तुम्ही नॉर्मल. चहा मंग."

मग स्वतःचं रक्त काढलं. ट्यूबवर नाव, वय अठ्ठेचाळीस असं नीट अक्षरात लिहिलं, आणि ती रोग्यांच्या रांगेत, पंचफुलाबाईंच्या ट्यूबनंतर ठेवली.