आबांची रानपात

हिंदुराव आबांना वनस्पतिशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कळत नाही असं कबूल करायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. चाळीस वर्षं कोऱ्हाळे बुद्रुकात ऊस पिकवलेला माणूस! त्याला गवताची काडी काय शिकवायची? म्हणून बारामतीच्या कॉलेजात शिकवणारी सून राजलक्ष्मी महिनाभराच्या प्रशिक्षणाला निघाली, तेव्हा विहिरीजवळचा वाफा तिनं भीतभीतच त्यांच्या हवाली केला.

"आबा, ही चाइव्ह्ज. हिमालयातली रानपात. तिकडं ओढ्याकाठी, ओल्या दगडगोट्यांत आपोआप येते. आपल्याकडं जगते का ते बघायचंय. महिन्यानं माझ्या गाईड मेहरीन मॅडम पुण्याहून तपासायला येतील. माझी पीएचडी तुमच्या हातात आहे."

"जा बिनघोर. हितं तण म्हनून एक काडी दिसायची न्हाय."

हे बोलणंच नडलं. तिसऱ्या दिवशी सरुबाई खुरपायला आली आणि आबांनी बांधावरून तोच हुकूम सोडला, "एक काडी ठिवू नगंस!" आता उसात जन्म गेलेल्या बाईला झुबक्यानं आलेली बारीक हिरवी पात म्हणजे लव्हाळाच की! आणि लव्हाळ्यासारखा दुसरा वैरी नाही. तिनं वाफा असा लख्ख केला, की आबांनी आधी शाबासकी दिली. मग त्यांना दरदरून घाम फुटला.

"सरुबाई, काय केलंस गं हे!"

"आता! तुमीच म्हनला की. गड्ड्यासकट उपटलं आन दिलं पाटाकडंला फेकून."

फेकलेलं आता मेलंच असणार, असं धरून आबांनी गुपचूप कांद्याची रोपं आणून वाफ्यात लावली. वास कांद्याचाच, पातही पोकळ, कोण ओळखतंय? जाड दिसू नये म्हणून ते रोज कात्रीनं पात उभी चिरत. स्वतःच्या मिशीची एवढी निगा त्यांनी कधी राखली नव्हती. व्हिडिओ कॉलवर मोबाईल लांब धरून म्हणत, "बघ, कशी तरारलीया!" फोन ठेवला की वाफ्याकडं पाठ करून बसायचे. पोरीनं विश्वासानं सोपवलेलं आपण घालवलं, हे त्यांना कांद्यापेक्षा जास्त झोंबत होतं.

ठरल्या दिवशी राजलक्ष्मी मॅडमना घेऊन हजर झाली. वाफ्याकडं पाय वळायच्या आत आबांनी दोघींना ओट्यावर बसवलं. "आदी च्या घ्या. घरच्या म्हशीचं दूध हाय."

मॅडमनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. "चहात... कांदा?"

"मसाला हाय त्यो," आबा म्हणाले.

"कसला मसाला!" गोठ्यातून सरुबाई ओरडली. "काल म्हस सुटली आन पाटाकडंची ती पात वरबाडून आली. सकाळपास्नं दुदाला वास मारतोय!"

राजलक्ष्मीनं कप ठेवला, आबांकडं एकदा बघितलं आणि थेट पाट गाठला. मागून मॅडम, त्यांच्या मागं धोतर सावरत आबा. पाटाच्या पाझरावर, दगडांच्या बेचक्यांत, सुईसारख्या बारीक पातीचे हिरवेगार झुबके माजले होते. एका अंगाला तेवढे म्हशीनं कुरतडलेले.

मॅडम चिखलात गुडघे टेकून बसल्या. "अगं, वाफ्यात कशाला लावतेस हिला? ओल, दगड, सावली... तिला हवं ते सगळं इथंच आहे! जागा निवडली कुणी?"

'मीच' हा शब्द आबांच्या ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात राजलक्ष्मीचे भरलेले डोळे दिसले आणि त्यांची मान खाली गेली.

"सरुबाईनं फेकलं आन म्हशीनं दावलं. म्या निस्ती लबाडी केली, पोरी. वाफ्यात कांदा हाय. तुझं वरीसभराचं काम म्या घालवलं हुतं."

राजलक्ष्मी वाफ्याकडं गेली, नावाची पाटी उपटून आणली आणि आबांच्या हातात दिली.

"रोवा इथं. राखण तुमचीच."

"अजून माझ्यावरच सोपवतीस?" आबांनी पाटी दोन्ही हातांनी धरली.

"तुमच्यावरच. पण आबा, यावेळी कुणाला काही हुकूम सोडू नका."




"आन म्हशीला दुहेरी दावं लावा," मागोमाग आलेली सरुबाई म्हणाली.